चढावर ओढत नाही

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे. टॅक्सी बरी नाही. इस्पितळाच्या चढावर ओढत नाही. परवा बाळंतपणाला निघालेली बाई बसलेली असताना गाडी मागे घसरली. इस्पितळाची भाडी गेली तर धंदाच बसला. बाजारात विजेचा पंखा आलाय. हवेच्या नळीत बसवला की इंजिनात जास्त हवा ढकलतो, ताकद वाढते म्हणतात. तू कारखान्यात इंजिनं तपासतेस, खरं काय ते लिही. आई म्हणते, पोरगी दोन ओळी उत्तर देईल आणि दहा ओळी रागावेल.

तुझे बाबा

११ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

रागावत नाही. पंखा घेऊ नका. जोरात फिरणारं इंजिन स्वतःच इतकी हवा ओढतं की तो चिमुकला पंखा मदत सोडून आडवाच येतो. हवा खरोखर दाबायला मोठी मोटर लागते. तुमच्या बॅटरीला ती पेलणार नाही. आधी दुसऱ्या कुणाला तरी गाडी चढावर न्यायला सांगा.

आईला नमस्कार. माया आहे म्हणूनच लिहिते.

धाकटी

२० फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

पंखा बसवला. बाप कुणाचं ऐकतो? आवाज मोठा, चढ तसाच. शेवटी मेकॅनिकला दिली. तो पंखा बंद ठेवून शीळ घालत वर जाऊन आला. म्हणाला, काका, गाडी ठणठणीत आहे. लगेच मी बसलो. अर्ध्यात थांबली.

यातून काय समजायचं?

बाबा

२७ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

गाडी तीच, चढ तोच. बदलला तो पाय. पेडल तुमच्याकडून पूर्ण दाबलं जात नाही. मी आले होते तेव्हा तुमची उजवी चप्पल सारखी निसटत होती, आपण सगळे हसलो. पाय डॉक्टरांना दाखवा. तोवर गाडी चालवू नका.

एवढं माझं ऐका.

धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

दाखवला. नसांचा आजार आहे, औषध नाही. मेकॅनिक डाव्या पायाला पेडल बसवून देतो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, डावाही जाईल. मेकॅनिकला नको म्हणून कळवलं.

आता गाडी आईने चालवायला घेतलीय. मी ओरडतो, ती म्हणते, ओरडा, गिअर माझ्या हातात आहे. काल इस्पितळाचा चढ तिने एका दमात घेतला. मी शेजारच्या सीटवर होतो. शाबास म्हणायला हवं होतं. वर पोचेपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत राहिलो, तिला तोंड दिसू नये म्हणून.

ते शाबास तिला तू लिही.

बाबा