कोचला काय सांगितलंस?

ब्रॅनिक, नेब्रास्का
९ फेब्रुवारी

प्रिय कर्ट,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तिकडे नॉर्थ डकोटात, तेलाच्या विहिरींवर, थंडी आमच्याहून भयंकर असणार. जाड मोजे घालत जा, तुझ्या टाचा लगेच फुटतात. कोर्टानं आपल्याला एकमेकांपासून मोकळं केलं, तरी असल्या गोष्टी काही डोक्यातून जात नाहीत.

इकडे सगळं ठीक, म्हणजे आहे तसं. तुझी आई दर आठवड्याला जर्दाळू भरलेले गोड कोलाचे पाव भाजून आणते, आपल्या कोलबीजवळ बसते आणि तुझं नाव निघालं की तोंडात मिठाची गुळणी धरते. दारातला बर्फ न सांगता कोणीतरी काढून जातं. गाव फार चांगलं वागतंय. मला त्याचा वीट आलाय.

कोलबी आता काठीशिवाय चालतो. डावा हात अजून ऐकत नाही. उजेड सोसत नाही, म्हणून दिवसाही पडदे ओढलेले. बोलताना मधेच शब्द सापडत नाही, मग चिडतो, मग रडतो. एवढं धिप्पाड पोर हातातून चमचा पडला म्हणून रडतं, हे तू पाहिलेलं नाहीस. दोन रात्री हॉस्पिटलात बसलास आणि कामाचं निमित्त करून काढता पाय घेतलास.

फुटबॉलच्या त्या सामन्याचं त्याला काही आठवत नाही, आधीच्या आठवड्याचंही नाही. पण गाव आहे ना आठवण करून द्यायला! "पोरं असंच करतात हो. डोकं दुखतंय म्हटलं तर कोच बाहेर बसवेल, म्हणून लपवतात." त्याला ते पटलंय. रोज म्हणतो, "आई, मी कोचशी खोटं बोललो. माझ्यामुळे त्यांची नोकरी गेली."

मलाही तेच खरं वाटत होतं. ऑगस्टमधली पालकांची सभा आठवते? कोच रुझिच्कांनी बजावलं होतं: सामना झाला की एक दिवस कोणीही माझ्याकडे यायचं नाही, डोकी थंड होऊ द्यायची, आणि तक्रार असेल तर आधी मुलानं स्वतः बोलायचं, मग आईबापांनी. तू शेजारी बसून हसत होतास. तुझं काय, तू आणि कोच शाळेपासून एका संघातले. मी मात्र शहाण्यासारखी नियम पाळत बसले. आधीच्या सामन्यात हेल्मेटवर हेल्मेट आदळलं, त्या रात्री त्याला उलटी झाली, तरी मी एक दिवस थांबले. मग त्याला म्हटलं, "तूच सांग कोचला, मोठा झालास." त्यात आणखी दिवस गेले. शेवटी मीच कोचना लिहिलं, की याचं डोकं दुखायचं थांबत नाहीये, याला खेळवू नका. "बघतो," असं उत्तर आलं आणि मी निर्धास्त झाले. सरळ डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, हे तू मला सांगू नकोस. ते मी स्वतःला रोज सांगते.

शुक्रवारी त्याला खेळवलं. पहिला मार बरा झाला नव्हता, त्यावर दुसरा बसला.

आता खरं काय ते लिहिते. इतका वेळ हात पुढे जात नव्हता.

कोच गाव सोडून चाललेत. परवा कोलबीनं हट्ट धरला, जाण्याआधी मला त्यांची माफी मागायचीय. गाडीत वाक्य पाठ करत होता. कोच दारात खोकी भरत होते. हा काळा चष्मा लावून, पाय ओढत त्यांच्यापुढे उभा राहिला. "कोच, मी तुम्हाला... तुम्हाला..." शब्द सापडेना. मग एकदम म्हणाला, "खोटं सांगितलं. माफ करा."

कोच पायरीवर बसले ते बसलेच. कोलबीला गाडीत बसवून मी परत आले, तेव्हा म्हणाले, "लोर्ना, हा खोटं बोललाच नाही. मी याला विचारलंच नव्हतं."

"मग कोणाला विचारलंत?"

"कर्टला. तुझा निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, नाश्त्याला भेटला तेव्हा."

तू काय म्हणालास, तेही सांगितलं त्यांनी. "लोर्ना शिंक आली तरी अँब्युलन्स बोलावते. पोरगा ठणठणीत आहे. मी बाप आहे, मी सांगतो, खेळव त्याला."

त्या आठवड्यात तू त्याचं तोंडही पाहिलं नव्हतंस, कर्ट.

मी कोचवर ओरडले. चौकशीत गप्प का बसलात? म्हणाले, "खेळवलं मीच. बापाचं नाव घेऊन मी सुटलो असतो का?" मी म्हटलं, "तुम्ही थोरपणा करत बसलात, आणि तुमचं पाप माझं पोर उरावर घेऊन फिरतंय!" ते उठून गाडीकडे निघाले, त्याला खरं सांगायला. मीच हात धरला. म्हटलं, हे त्याच्या बापानं सांगायचं.

का अडवलं, मलाच ठाऊक नाही. तुझी दया आली म्हणून नाही. तुझ्यावरचा माझा राग इतका आहे की लिहिताना अक्षर वाकडं येतंय. पण तो तुझ्या फोनची वाट बघतो. तू येत नाहीस तेही स्वतःवर घेतो: "माझ्यामुळे बाबांचा जुना संघ हरला ना."

येत्या रविवारी ये. त्याच्यासमोर बस आणि काय बोललास ते तुझ्या तोंडानं सांग. नाही आलास तर संध्याकाळी मी सांगेन, एक शब्द न गाळता, तुझ्या आईसमोर. मग त्यानं तुला बाप म्हणायचं की नाही, ते तो ठरवेल.

आत्ता हाक मारतोय. पुन्हा माफीच मागायची असेल.

ज्याला तू न बघताच ठणठणीत म्हणालास, त्याची आई,
लोर्ना