व्याहीबुवांस, सिनेमा अर्धा राहिल्याबद्दल

मु. किन्हवली,
फाल्गुन शुद्ध पंचमी, सन १९६१

राजमान्य राजेश्री व्याहीबुवा कमळू पाटील, मुक्काम मुरबाड, यांस देवजीचा हात जोडून रामराम.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. भागीरथी आपल्याकडे येऊन आज बावीस दिवस झाले आणि सासरा म्हणून मी खुशालीची एक ओळ पाठवली नाही. तीन पत्रे लिहिली होती. पहिल्यात माझी चूक फार कमी दिसत होती, दुसऱ्यात फार जास्त दिसत होती आणि तिसरे शेळीने खाल्ले. (शेळीला काही झाले नाही.) आपला गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला थांबला का? माझ्या छातीत धडधडते, पण वैद्य म्हणतो ते छातीचे नाही, स्वभावाचे आहे. भागीरथीने आपल्याला काय सांगितले ते मला ठाऊक नाही. सांगितले नसेल तर पोरगी गुणाची, आणि सांगितले असेल तर ते खरेच असेल. तरी माझ्याकडूनही एकदा ऐकावे.

पौषात म्हसाच्या जत्रेला बैल बघायला गेलो आणि तंबूतला सिनेमा पाहिला. त्यातला नायक बापाला उलट बोलतो, परक्या मुलीमागे बागेत गाणे म्हणत फिरतो आणि शेवटी सगळे त्यालाच हार घालतात. मी उठणार होतो, पण त्याचे पुढे काय वाईट होते ते पाहावे म्हणून बसलो. काहीच वाईट झाले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला, तेव्हाही झाले नाही. गावी आलो तर पोरांनी कपाळावर केसांचे कोंबडे काढलेले. तेव्हाच ठरवले, आपण एक घरंदाज सिनेमा काढायचा. सासू, सून, बाप, लेक एका घोंगडीवर बसून पाहतील आणि कोणाला मान खाली घालावी लागणार नाही असा. (हे मला अजूनही बरोबर वाटते. माझे चुकले ते पुढे.)

खर्डीचा बुधू मुंबईला एका स्टुडिओत कॅमेरे उचलण्याच्या कामावर आहे. त्याने मालकाला विचारून एक जुना, चावी देऊन चालणारा कॅमेरा आणला. त्यात आवाज येत नाही, नुसते चित्र. मला ते बरेच वाटले, कारण घरातला निम्मा बिघाड बोलण्यानेच होतो. गोष्ट मी लिहिली (शाळा तिसरीपर्यंत, तरी पाने अकरा झाली). सिनेमे पाहून बिघडलेली सून गाठोडे घेऊन माहेरी निघते, वडाखाली तिला घराची आठवण येते आणि ती डोळे पुसत मागे फिरते. माझा नियम असा, की पडद्यावरचे नवरा-बायको खरेच नवरा-बायको हवेत. गावात कोणी तयार होईना, म्हणून आमचा जयराम आणि भागीरथी. (जयराम तरी कुठे तयार होता? पण तो मला नाही म्हणत नाही.) दुसरा नियम, दोघांत चारचौघांसमोर असते तसे तीन हात अंतर. मी काठीने मोजून उभे करी. बुधू म्हणाला, "देवजीबाबा, दोगं चौकटीत मावत नाय." मी म्हटले, सून मधोमध घे, नवरा मावेल तेवढा घे. परिणामी अख्ख्या सिनेमात जयरामचा एक कान आणि एक हात आहे.

सासूच्या पाया पडण्याचा प्रसंग सात वेळा काढावा लागला, कारण आमची सकुबाई आशीर्वाद देताना कॅमेऱ्याकडे बघून हसायची. विहिरीवरून पाणी आणण्याचा पाच वेळा. कधी कोंबडी आडवी गेली, कधी चावी संपली. हंडा रिकामा चालेल असे बुधू म्हणत होता, पण मी म्हटले, आपल्या सिनेमात खोटे नको. मधल्या वेळी एवढ्या माणसांच्या भाकऱ्या कोण भाजत होते, ते मी पाहिले नाही.

मग माहेरी जाण्याचा प्रसंग. गाठोड्यात पेंढा भर असे मी सांगितले होते, पण गाठोडे चांगले जड दिसले. मला कौतुक वाटले, की पोरीने किती मनावर घेतले आहे! ती निघाली, मागे न बघता वडापर्यंत गेली. तेवढ्यात मुरबाडची एसटी आली. भागीरथीने हात केला. मी इकडून ओरडतोय, "वा पोरी, वा!" ती चढली, गाडी सुटली, धुरळा उडाला. जयराम म्हणाला, "बाबा, आता मी काय करू?" मी म्हटले, "हलू नको, कॅमेरा चालू हाय." सांजेच्या गाडीने परत येईल म्हणून मी वडाखाली बसून राहिलो. गाडी आली, पण तिच्यातून उतरला कंडक्टर आणि त्याने निरोप दिला, "सूनबाई सुखरूप पोचल्या. मामंजीना सांगा बोलल्या, ह्यो परसंग पयल्याच येळी बरोबर आला आसंल, परत काढाया नाय लागणार."

बुधूने मुंबईहून फिल्म धुऊन आणली आणि भर दुपारी शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून दाखवली. सगळे गाव आले, एका घोंगडीवर बसले, कोणी मान खाली घातली नाही. भागीरथी एसटीत चढली तेव्हा म्हातारी जनी, जिने जन्मात कोणाला बरे म्हटले नाही, ती म्हणाली, "बरं केलान पोरीनं." बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुना घरात राहाव्यात म्हणून सिनेमा काढला, आणि हे काय! त्यावर सकुबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "या शिनेमात सासू हाय, सून हाय, अर्धा नवरा हाय. सासरा कुटं हाय गो?" मी म्हटले, सासरा कॅमेऱ्याच्या मागे आहे. ती म्हणाली, "म्हणून तं!"

व्याहीबुवा, त्यावर मी आठ दिवस विचार केला. मर्यादा एकट्या सुनेनेच पाळायची, असे जुन्या वळणात कुठेच नाही. बाहेरून आलेल्याला आधी पाणी द्यावे, हे मात्र आहे. म्हणून बारावे पान लिहिले आहे. सून एसटीतून उतरते. वडाखाली सासरा तांब्या घेऊन उभा आहे. तो तिला पाणी देतो आणि गाठोडे स्वतः उचलतो. ती पाया पडत नाही. जयराम तिच्या शेजारी, अख्खा. एवढा प्रसंग झाला की सिनेमा पुरा. पुढच्या पौषात म्हसाला त्या तंबूशेजारीच आपला पडदा लावायचा. खर्डीच्या बायका आत्ताच विचारत आहेत. तरी या शेवटच्या प्रसंगासाठी भागीरथीला होळीच्या आत एक दिवस पाठवावे.

आपला,
देवजी

ता. क. सकुबाई माझ्याशी बोलत नाही. भाकऱ्या जयराम थापतो. त्याही अर्ध्याच.

ता. क. दुसरा. जयराम रोज मुरबाडच्या गाडीला वडाखाली जाऊन उभा राहतो. मी विचारले तर म्हणतो, तालीम करतोय.

ता. क. तिसरा. खोटे नको म्हणतो, म्हणून लिहितो. रीळ त्या एसटीच्या धुरळ्यातच संपले, आणि कॅमेरा गेल्या सोमवारी मुंबईला परत गेला. प्रसंग काढता येणार नाही. हे भागीरथीला सांगावे की नाही, ते आपण ठरवा. मी तांब्या घेऊन उभा राहणारच आहे. फक्त कोणत्या दिवशी, कितीच्या गाडीला, तेवढे उलट टपाली कळवा.