ऋताला डॉक्टरांकडे नेलं

बालाजी घाट, वाराणसी
२८ ऑक्टोबर १९९६

तीर्थरूप आईस,
काशीहून कालिंदीचा वाकून नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, ह्यांचं बँकेत ठीक चाललंय. तुझे गुडघे कसे आहेत?

मी मात्र पार वैतागलेय. शेजारच्या गोपीनाथशास्त्रींची ऋता जूनमध्ये इंटरला, म्हणजे इथल्या बारावीला, नापास झाली, तेव्हापासून धड जेवत नाही, बोलत नाही. म्हणून मी दर शनिवारी इथल्या मराठी मंडळाच्या खोलीत गल्लीतल्या मुलामुलींना बोलावू लागले. मनातलं बोलायचं, एवढंच. तर सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, इथे भजन होतं, पागलखाना नको." आणि खोलीला कुलूप!

मग मुलांना आमच्याच गच्चीवर बसवलं. परवा ऋता पहिल्यांदा आली. सगळे गेल्यावर म्हणाली, "काकू, मला जगावंसंच वाटत नाही."

तिला विचारून, तिचा हात धरून मी तडक शास्त्रीबुवांकडे गेले. मनाच्या डॉक्टरांना दाखवा म्हटलं. ते म्हणाले, "लोकांना कळलं तर हिचं लग्न कसं व्हायचं?" आई, मी चक्क ओरडले, "आधी तिला जगू तर दे!" एवढ्या मोठ्या माणसाला अरे-तुरे केलं.

तेव्हा ऋताच म्हणाली, "बाबा, तुम्ही चला ना माझ्याबरोबर." ते खाली बसले आणि रडू लागले.

आज सकाळी दोघं जाऊन आले. औषध सुरू झालंय. मंडळातल्या बायका मात्र मला बघून तोंड फिरवतात.

दादाचा प्रसन्न यंदा बारावीला ना? त्याला मार्कांचं कुणी विचारू नका. तो कसा आहे, ते विचारा.

तुझी,
कालिंदी