बांगड्यांचे खत

तारकर्ली,
ता. ५ नोव्हेंबर १९५८

ती. सदानंददादा यास जानकीचा सा. न. वि. वि.

तू न्यायला येतो म्हणालास, पण शिमग्यापर्यंत थांब. विधवा बहिणीने भावाकडे राहावे हे लोकांना पटते, मला पटत नाही. वाट्याचे भात येतेच. घरामागच्या पुळणीत चवळी झाली, तर माझे इथेच भागेल. नाही झाली तर मुकाट्याने सावंतवाडीला येईन. पण वाळूत बी रुजते, चार पाने धरते आणि पिवळे पडते. असे का होत असेल? तुझ्या शाळेतल्या पुस्तकात पाहून कळव. वहिनींना नमस्कार.

तुझी,
जानकी

सावंतवाडी,
ता. १२ नोव्हेंबर

चि. जानकीस अ. आ.

वाळूत पाणी थांबत नाही, तसा कसही थांबत नाही. पुस्तक म्हणते, कुजके शेण, राख आणि सुकी मासळी घालावी. गंमत म्हणजे चवळी मुळांवरच्या गाठींतून जमिनीला स्वतःच खत देते. एखादे रोप उपटून पाहा. भटाच्या घरात मासळी कशी आणतेस, ते तूच जाणे. खरे तर तू इथे यावीस असेच आम्हाला वाटते, पण विचारलेस म्हणून सांगितले. पडलो मास्तर.

तुझा दादा

तारकर्ली,
ता. ८ डिसेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

गाठी दिसल्या, मोहरीएवढ्या. पण पुढचे ऐक. शेजारची काशीबाई मासे विकते. तिच्याकडे मागच्या दाराने जाऊन हळूच टोपलीभर सुकी मासळी मागितली. कशाला ते लाजेने सांगितले नाही. कोणाक सांगूचंय नाय, असे तिने आपणहून वचन दिले आणि निवडक बांगडे दिले. ते मी पुरले. आठ दिवसांत चवळीची पाने कडेने करपली, रोपे माना टाकून बसली.

काल काशीबाईने ते पाहिले आणि कपाळावर हात मारला. बामणीण चोरून मासे खाते असे समजून तिने मला खाण्याचे खारे बांगडे दिले होते, भरपूर मीठ लावलेले. जमिनीला बिनमिठाची कुटी लागते, म्हणजे पुळणीवर वाळवलेली बारीक टाकाऊ मासळी. आम्ही दोघी पोट धरून हसलो, आणि ती गेल्यावर मी रडले. बी मूठभरच उरले आहे. जमिनीतले मीठ कसे काढू?

तुझी जानकी

सावंतवाडी,
ता. १५ डिसेंबर

चि. जानकीस अ. आ.

पीक गेल्याचे वाचून मला क्षणभर बरे वाटले, आता तू येशील म्हणून. मग स्वतःचीच लाज वाटली. मासळीत खारी आणि बिनमिठाची असा भेद असतो, हे मासळीला कधी न शिवलेल्या मला कुठून ठाऊक? चूक माझी. बांगडे उकरून काढ आणि आठ दिवस विहिरीचे गोडे पाणी सोड. ज्या वाळूत कस थांबत नाही, तिच्यात मीठ तरी का थांबेल? पुढचे काशीबाईला विचार. पुस्तक मी कपाटात ठेवले आहे.

तुझा दादा

तारकर्ली,
ता. १० मार्च १९५९

ती. दादास सा. न. वि. वि.

मीठ गेले. काशीबाईने कुटी आणि शेण एकत्र कुजवायला लावले. ढीग आतून गरम होतो, हे ठाऊक आहे तुला? मी रोज हात घालून पाहत असे. आळीने महिनाभर नाक धरले, पण त्या खतावर उरलेले मूठभर बी पेरले आणि काल हातभर लांब शेंगा खुडल्या. पहिली जुडी काशीबाईला दिली, ती म्हणाली की यात बांगडो घातलो तर काय चव येयत. अजून फुले धरताहेत.

शिमग्याला मी येते दादा, पण पाहुणी म्हणून. चार दिवस राहीन. पाचव्या दिवशी मला एसटीत बसवून दे, आणि बसवताना रडू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
जानकी