फियाटीचं गाऱ्हाणं

धामापूर

प्रिय भक्ती,

फोनवर तुझा आवाज ऐकला की मी थट्टामस्करी करून मोकळा होतो, म्हणून आज कागद घेऊन बसलोय. आधी बातमी. बाबांची फियाट सुरू झाली! तुझ्या तन्वीने आजोबांच्या जुन्या गाडीतून फिरायचा हट्ट धरला आणि तेरा वर्षं मांगराच्या छपराखाली पडलेली ती म्हातारी कट्टा गावच्या सिराज मेस्त्रीने तीन आठवड्यांत उभी केली. सीटमध्ये उंदरांचा अख्खा संसार निघाला. डावं दार मात्र अजून सुंभानेच बांधावं लागतं.

त्या दारावरूनच सगळं झालं. तुझ्या लग्नाच्या सकाळी बाबांनी गाडी धुतली, तिला अबोलीचे वळेसर बांधले आणि "पोरीक मीच हॉलार व्हरतलंय" म्हणत अंगणभर मिरवले. मग तिच्यापुढे नारळ ठेवून त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं आणि त्यांच्या प्रत्येक मागण्याला आपण सगळे "व्हय म्हाराजा" म्हणालो. तुला आठवत असेल. पण माझे मुंबईचे साहेब हॉलवर येणार होते, तुझ्या सासरच्यांच्या नव्याकोऱ्या गाड्या दारात लागणार होत्या, आणि त्यांच्यात सुंभाने दार बांधलेली आपली गाडी उभी राहणार याची मला लाज वाटत होती. बाबांना तसं तोंडावर सांगायची छाती नव्हती. सगळे न्याहारीला बसले तेव्हा मी बॉनेट उघडलं आणि इंजिनातला रोटर काढून खिशात टाकला. बोटाएवढा काळा तुकडा असतो, पण तो नसला की गाडी सुरूच होत नाही.

बाबा चावी फिरवत राहिले. त्यांचा नवा शर्ट पाठीला चिकटला होता. मुहूर्त टळेल असं सांगून मीच त्यांना बाजूला केलं आणि मित्राची पांढरी गाडी बोलावली. ती आदल्या दिवशीच सांगून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी तो रोटर तळ्यात फेकून दिला.

मला वाटलं, विषय संपला. पण बाबांनी दोष स्वतःकडे घेतला. "राखणदाराचो नारळ ठेवूचो रवलो," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून दर वर्षी तुझ्या लग्नाच्या तारखेला ते जागेच्या त्या राखणदार देवाला नारळ ठेवून माफी मागतात, आणि इतकी वर्षं त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. लग्नाच्या दिवशी गाडी अडली म्हणून तुझ्या सासूबाई तुला 'अपशकुनाची सून' म्हणायच्या. ते तू मला हसत हसत सांगितलंस आणि मीही हसलो. त्या हसण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आताही मी शहाणपणच करणार होतो. कुडाळहून नवा रोटर आणला होता, गुपचूप बसवायचा होता. सिराज एक दिवस आधीच आला. त्याने झाकण उघडलं आणि म्हणाला, "काका, हेच्यात रोटरच नाय. कोणीतरी काढून घेतलेलो दिसता." बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. वळून ते सिराजला म्हणाले, "उंदरान व्हेल्यान आसतलो." मग घरात गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

काल तुझ्या लग्नाची तारीख होती. बाबांनी नारळ माझ्या हातात दिला. "आज तू घाल गाऱ्हाणा." जन्मभर ऐकलेले शब्द, पण स्वतः कधी म्हटले नव्हते. कसंबसं म्हणालो, "म्हाराजा, माझ्या हातसून चुकलामाकला ता पोटात घे." मागे बाबा एकटेच उभे होते. मग हळूच, पण स्पष्ट, आवाज आला, "व्हय म्हाराजा." नंतर चहा घेताना त्यांनी बजावलं, "भक्तीक सांगा नको."

तरी सांगतोय. पुढच्या आठवड्यात तुम्ही याल तेव्हा कट्ट्याच्या स्टॉपवर फियाट घेऊन बाबा स्वतः येणार आहेत, काल संध्याकाळी त्यांनी दोनदा गाडी चालवून बघितली. त्या दारातून आत बसण्याआधी तुला माहीत असायला हवं की ते त्या दिवशी चुकले नव्हते. मी हॉर्न ऐकून अंगणात येईन. गाऱ्हाणं मी घातलंय, भक्ती, पण त्याला अजून एकाच जणाने 'व्हय' म्हटलंय.

तुझाच, जसा आहे तसा,
सर्वेशदादा