सव्वासहाचा फोन

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज वामनरावांशी खोटं बोललो.

चष्म्याची दांडी सैल झाली होती, ती आवळून घ्यायला त्यांच्या दत्त चौकातल्या घड्याळाच्या दुकानात गेलो. डोळ्याचं भिंग न काढताच त्यांनी विचारलं, "नागपूरचा फोन आलता काय, भाऊ?" दोन वर्षं झाली, मी दिसलो की ते हेच विचारतात. लोक 'जेवले काय' विचारतात तसं. दोन वर्षं मी 'नाही' म्हणतो. आजही म्हणालो. आणि म्हणता म्हणताच आठवलं — आला होता. गुरुवारी.

शब्द परत घ्यायला फार तर एक सेकंद लागला असता. घेतला नाही. त्यांनी दांडी आवळून दिली, चष्मा सदऱ्याला पुसून दिला. मी घरी आलो.

सगळं नीट लिहून काढतो. बातमी लिहायची असती तर तसंच केलं असतं.

वामनराव एकाहत्तर वर्षांचे. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त करतात. शहाऐंशी साली पांढरकवड्याच्या एका लाकूड ठेकेदारानं त्यांच्याकडे एक स्विस घड्याळ आणलं, आत पाणी गेलेलं. त्यांनी उघडलं, पुसलं, लावून दिलं. "अर्धा तास होतं माह्या हातात," ते सांगतात. "तवापासून बाकी सारी घड्याळं डबेच वाटतात मले." मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी आर्णी रोडवरचा प्लॉट विकला आणि तसंच घड्याळ घ्यायचं ठरवलं. नागपूरच्या अधिकृत शोरूमला मी सोबत गेलो. काचेत घड्याळं मांडलेली, पण फक्त दाखवायला. विकायचं एकही नाही. यादीत नाव लिहा, आलं की कळवू. वामनरावांनी तिथल्या मुलीला विचारलं, घरी नेल्यावर मागचं झाकण उघडलं तर चालते ना? ती दचकली. "काका, गॅरंटी जाईल!" "जाऊ दे ना बाई. मले कुठं टाइम पाहाचा हाये? मले मशीन पाहाची हाये."

फॉर्मवर नंबर मात्र माझा. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, त्यांचा मोबाईल गल्ल्यात पडलेला असतो. "भाऊचाच लिवा," ते म्हणाले. "पेपरवाल्याचा फोन कधी बंद नसते."

नसतोच. गुरुवारी सव्वासहाला आला. वणी रोडवर कोळशाचा ट्रक उलटला होता आणि मी पहिलं पान तिसऱ्यांदा बदलत होतो. शोरूममधली तीच मुलगी, अर्पिता. घड्याळ आलंय सर, शनिवारी सातपर्यंत काकांना घेऊन या, नाहीतर पुढच्या नंबरला जाईल. हो हो म्हणालो. हाताशी पानाचं प्रूफ होतं, त्याच्या पाठीवर लिहून ठेवलं. प्रूफ रद्दीत गेलं. पान वेळेवर सुटलं.

जूनमध्ये डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय, उजव्या डोळ्याचा मधला भाग मंद होत चाललाय, बारीक काम फार तर दिवाळीपर्यंत. उजवा, म्हणजे भिंगाचा. झाकण उघडायची पितळी किल्ली त्यांनी स्वतः घडवून ठेवली आहे. मखमलीच्या तुकड्यात. मला तीनदा दाखवली.

१३ ऑगस्ट, बुधवार

शोरूमला फोन केला. अर्पिता म्हणाली, "गेलं सर. शनिवारी सातपर्यंत बाजूला ठेवलं होतं. सव्वासातला वर्ध्याचे एक जण घेऊन गेले."

पुढचं कधी? "हे मॉडेल वर्षाला दोन-तीनच येतात सर. दीड वर्ष तरी धरा." मग मला बरं वाटावं म्हणून की काय, म्हणाली, "काकांचं नाव यादीत आहे अजून. मी 'ग्राहक आले नाहीत' एवढंच लिहिलंय. ग्राहक स्वतः नको म्हणाला तरच नाव कापतात. नियम आहे."

दीड वर्ष. दिवाळीला दहा आठवडे उरलेत.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ऑफिसला मागच्या रस्त्यानं गेलो.

१६ ऑगस्ट, शनिवार

रविवारच्या स्तंभाला विषय नव्हता. हे मी माझ्याशी खोटं बोलतोय. चार विषय होते.

लिहिला तो घड्याळांवर. मोठ्या घड्याळांची टंचाई कशी असते, काचेतला माल विकायचा कसा नसतो, आधी दुसरं काही महागाचं घ्या म्हणजे तुमचा नंबर कसा वर सरकतो, ओळखीच्या गिऱ्हाइकाला मागच्या दारानं कसं मिळतं. सारं ऐकीव, पण चारचौघांत बोललं जाणारं. मग एका जिल्ह्याच्या गावच्या म्हाताऱ्या कारागिराची गोष्ट. नाव दिलं नाही. शेवटचं वाक्य — 'दोन वर्षे झाली. या माणसाला आजवर एक साधा फोनही आलेला नाही.'

चाळीस मिनिटांत झाला. इतका सरळ हात बऱ्याच महिन्यांत चालला नव्हता. त्या वाक्याला थांबलोसुद्धा नाही. लेखाला शेवट लागतो, तो सापडला होता.

का लिहिलं? वामनराव कधीतरी शोरूमला जातील, विचारतील. त्याआधी दोष तिकडे जाऊन बसावा म्हणून. एकतीस वर्षं नोकरी केली. चुकीची बातमी दिली असेल, उशिरा दिली असेल. ठरवून खोटी पहिल्यांदाच दिली.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळपासून फोन. निवृत्त तहसीलदार म्हणाले, सडेतोड. बायकोच्या भिशीच्या ग्रुपवर लेख फिरला.

वामनरावांनी कात्रण दुकानाच्या काचेला आतून चिकटवलंय, रस्त्यावरून वाचता येईल असं. मला हात धरून आत बसवलं. शेजारच्या पानठेल्यावरून चहा मागवला.

"माह्यावर कोणी लिवन असं वाटलं नव्हतं, भाऊ."

"नाव नाही टाकलं तुमचं."

"कायले टाकाचं? सारं गाव ओळखून राह्यलं. सकाळपासून तीन गिऱ्हाइकं नुसती पाहाले आली. सेल बी नाही घेतला एकानं." मग भिंग डोळ्याला लावत, सहज — "त्या पोरीचं नाही ना काही होणार? गॅरंटीवाल्या? चांगली होती बिचारी."

नाही हो, म्हणालो. तिचा काय संबंध.

२० ऑगस्ट, बुधवार

अर्पिताचा फोन. स्वतःच्या मोबाईलवरून.

मालकांनी तिला घरी बसायला सांगितलंय. यादीत घड्याळं दुरुस्त करणारा एकच माणूस, त्यामुळे लेख कोणावर आहे ते लगेच कळलं. तिनं फोन केल्याची नोंद दाखवली. "पण सर, रजिस्टर माझ्याच अक्षरात आहे ना. मालक म्हणतात, ज्यांना फोन केला म्हणतेस त्यांनीच छापलंय फोन आला नाही म्हणून. पेपरवाले खोटं कशाला लिहितील?"

ती महागावची आहे, हे आज कळलं. तिच्या घरी आपलाच पेपर येतो. लेख आधी तिच्या वडिलांनी वाचला, मग तिला विचारलं, "काहून केला नाही फोन, बाई?"

रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "सर, मी फोन केला होता, एवढं फक्त मालकांना सांगाल का?"

मी म्हणालो, "पाहतो."

आयुष्यभर लोकांना हेच म्हणत आलो. निवेदन घेऊन आलेल्यांना, बातमी का आली नाही विचारणाऱ्यांना. पाहतो. कधी कुणी उलटून बोललं नाही. तीही नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

बायकोला, शीलाला, सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. ऐकून घेतलं, हात थांबवला नाही.

"नागपूर किती दूर आहे हो?"

"अडीच-तीन तास."

"मग?"

गणपतीच्या पुरवणीचं काम आहे, म्हणालो. तिनं फोलपटं उचलली आणि आत गेली.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल संपादकांना फोन केला. सगळं सांगितलं नाही. लेखात एक तपशील चुकलाय, खुलासा द्यावा लागेल, एवढंच. ते हसले. "लेख गाजला तुमचा. कशाला उकरता? बरं, तीन ओळी टाका आत कुठंतरी."

तीन ओळी आज लिहिल्या. लेखाला चाळीस मिनिटं लागली होती, याला दीड तास.

'गेल्या रविवारच्या स्तंभातील ग्राहकाशी शोरूमतर्फे संपर्क साधण्यात आला होता, असे कळते. अनवधानाने राहिलेल्या उल्लेखाबद्दल दिलगीर आहोत.'

साधण्यात आला होता. कोणाशी? असे कळते. कोणाला? दिलगीर आहोत. कोण आहोत? नव्या वार्ताहरांच्या कॉपीतून अशी वाक्यं मी काढून टाकतो. विचारतो, यात माणूस कुठं आहे? आज तीन ओळींत एक माणूस लपवला.

२४ ऑगस्ट, रविवार

पान सात, निविदांच्या खाली. कुणाचाही फोन आला नाही.

मीही अर्पिताला केला नाही. कात्रण तेवढं मोबाईलवर पाठवलं. तिचं उत्तर — 'मालकांना दाखवलं सर. ते म्हणाले यात तुझं नाव कुठे आहे.'

२५ ऑगस्ट, सोमवार

वामनरावांनी दुकानातून हाक मारली. काउंटरवर कालचा पेपर, सातवं पान वर. डोळ्याला भिंग लावलेलं. ते भिंग चाकाचे दाते पाहायचं आहे.

"हे वाचाले भिंग लागलं, भाऊ. लेख तर मी रस्त्यावरून वाचला होता."

मी हसलो. हसलो याची आता लाज वाटते.

त्यांनी बोट एकेका शब्दावर ठेवत वाचलं. 'संपर्क साधण्यात आला होता, असे कळते.' मग मान वर केली. भिंग तसंच, त्यामुळे एकच डोळा माझ्याकडे, मोठा दिसणारा.

"कोणाकडून कळलं?"

"शोरूमकडून."

"माह्याशी संपर्क?"

"हो. म्हणजे त्यांचं तसं म्हणणं आहे."

"माह्याशी कसा करतीन? माहा तर नंबरच नाही त्याइच्यापाशी."

गणपतीच्या मंडपाचे बांबू घेऊन एक हातगाडी रस्त्यानं जात होती. मी तिच्याकडे पाहत राहिलो. त्यांनी वाट पाहिली. किती, ते सांगता येणार नाही. दुकानात चाळीस घड्याळं चालू होती, मी एकाकडेही पाहिलं नाही. मग त्यांनी भिंग काढलं, पेपराची घडी घातली.

"त्या पोरीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"घरी बसवलंय."

"बरं," ते म्हणाले. "जा तुमी. तुमाले पुरवणी असंन."

होतीच. मी गेलो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पुरवणी वेळेवर सुटली. गुरुवारी नागपूरला जाईन. मालकांसमोर उभं राहून सांगेन.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गेलो नाही. विसर्जनाच्या बंदोबस्ताची बैठक होती. एखादा वार्ताहर पाठवता आला असता. शनिवारी नक्की.

शीलानं डबा भरून ठेवला होता, प्रवासात खायला म्हणून. तो मी ऑफिसात खाल्ला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी अर्पिताचा फोन. शोरूमच्या लँडलाइनवरून.

"सर, मी परत रुजू झाले. काल वामनकाका आले होते. एकटेच, एसटीनं. मालकांना म्हणाले, पोरीनं फोन केलता, भाऊनं मले त्याच दिवशी सांगितलं, मीच नको म्हणलं, मतारपणी कायले पाहिजे. नको म्हणल्याची लाज वाटली, म्हून फोन आला नाही असं मीच भाऊले लिवाले लावलं म्हणे." ती थोडी थांबली. "मालकांनी तसं लेखी घेतलं त्यांच्याकडून. नाव कापावं लागलं सर. मीच कापलं."

दुकानात गेलो. काचेवरचं कात्रण काढलेलं. गोंदाचा चौकोन तेवढा राहिलाय. वामनराव कानस घेऊन काहीतरी घासत होते. जवळ गेल्यावर कळलं, ती पितळी किल्ली. दाते घासून साध्या घड्याळांच्या मापाची करत होते. मखमलीचा तुकडा हाताखाली, चुरा पडू नये म्हणून.

मान वर न करता त्यांनी विचारलं, "नागपूरचा फोन आलता काय, भाऊ?"

"हो," मी म्हणालो. "सात तारखेला. संध्याकाळी सव्वासहाला. मला आला होता."

कानस थांबली.