बिस्किटचा उजवा पुढचा

१९ फेब्रुवारी २००७

बिस्किट लंगडतोय. मी दात घासत होते आणि शर्ली दारात. खाली गमबूट, वर नाइटगाऊन. "ही'ज नॉट राइट, अनघा." घरमालकीण आणि पेशंटची मालकीण एकच असली की दवाखान्याच्या वेळा वगैरे काही उरत नाही. ब्रश तोंडात ठेवूनच तबेल्यात गेले.

दुडक्या चालीने पळवून पाहिला. उजवा पुढचा. तो टेकला की मान वर. फार नाही, पण आहे. ग्रॅहॅम, म्हणजे बॉस, लेकीच्या लग्नाला ऑस्ट्रेलियात. दोन आठवडे नाही. म्हणजे ही केस माझी एकटीची. इतके दिवस त्याच्यामागे बॅग घेऊन फिरल्यावर पहिली लंगडी केस! आनंद व्हायला नको होता, झाला. बिस्किटची मनात माफी मागितली.

बाबाही आले चहाचा कप घेऊन. सांगलीहून इथे न्यूझीलंडला येऊन महिना झाला, आज प्रथमच चेहऱ्यावर तेज. म्हणाले, "डाव्यात आहे." म्हटलं, उजव्यात. "अगं, मान कुठे टाकतोय बघ ना. डाव्यावर." म्हणूनच उजव्यात, बाबा. दुखरा पाय टेकला की घोडा मान उचलतो आणि चांगल्यावर टाकतो. "असेल बुवा," म्हणाले. याचा अर्थ नाही असा होतो. तरुणपणी तालमीत जायचे, वस्तादांना पाय बसवताना पाहिलंय. नंतर सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, पण पायांवरचा अधिकार सुटलेला नाही.

बिस्किट बंद खोलीत. तीन-चार दिवसांनी स्कॅन. लगेच केला तर आतलं नुकसान पुरतं दिसत नाही.

२० फेब्रु.

संध्याकाळी शर्ली आमच्याकडे आल्याच्या चहाला. दुसऱ्या कपावर तिने सांगून टाकलं. तिचा मुलगा क्रेग टौरंगाला असतो. केव्हापासून मागे लागलाय की ही जागा विक आणि माझ्या शेजारी छोटं घर घे. ही म्हणते, घोड्यावर बसता येतंय तोवर इथून हलणार नाही. आणि बसता आलं नाही तर? "देन देअर्स नो पॉइंट, लव्ह." पाऊस पडेल म्हणावं तसं म्हणाली.

म्हणजे तिचं घर, बिस्किटचं घर आणि तिच्या मागच्या अंगणातलं माझं भाड्याचं घर, सगळं एका पायावर उभं. आणि तो पाय माझ्या हातात.

बाबांनी विचारलं, "व्हॉट इज देअर इन टौरंगा?" शर्ली म्हणाली, "माय सन. अँड हीप्स ऑफ किवीफ्रूट." बाबांनी यावर बराच वेळ विचार केला.

२३ फेब्रु.

काही कळेनासं झालंय. स्कॅनआधी हात फिरवून पाहिले तर डावा पाय गरम, किंचित सुजलेला, केस चिकट. उजवा थंडगार. डोळे म्हणतात उजवा, हात म्हणतात डावा. ग्रॅहॅम नेहमी सांगतो, शंका आली की हातांचं ऐक. त्याला फोन करावासा वाटला. नाही केला. गर्व.

शर्लीला म्हटलं, डावा असावा. बाबा मागेच उभे होते, गप्प. तेव्हाच खटकायला हवं होतं. बाबा बरोबर ठरले आणि गप्प बसले, असं आमच्या घरात कधी झालेलं नाही.

डाव्या पायाचे केस भादरले, जेल लावलं, प्रोब फिरवला. काही नाही. सगळ्या नसा, म्हणजे टेंडन्स, पुस्तकातल्या चित्रासारख्या. घोड्याचा चांगला पाय तासून ठेवला फक्त. शर्ली म्हणाली, "सो व्हॉट इज इट, लव्ह?" म्हटलं, उद्या सांगते. तोंड लपवून गाडीत बसले.

घरी आले तर स्वयंपाकघरात तिळाचं तेल, लसूण, ओवा. सकाळपासून माझ्या हाताला हाच वास होता आणि मी डब्यातल्या भाजीला दोष देत होते. बाबा शेगडीपाशी छोटी कढई घेऊन.

"हे कशाला?"
"गुडघ्याला."
"कोणाच्या?"
त्यांनी गॅस बारीक केला.

मी कामावर गेले की बाबा तबेल्यात. सकाळी एकदा, दुपारी एकदा. पहिल्या दिवसापासून. तालमीतली मालिश, अंगठ्याने दाबत वरून खाली, मग गरम टॉवेलचा शेक. आणि अर्थात डाव्याला. "झोपायचा गं उभ्या उभ्या," म्हणाले. झोपेल नाही तर काय. चांगल्याभल्या पायाला फुकट चेपणारा माणूस मिळालाय.

बाबांवर आजवर इतकी ओरडले नव्हते. फाटलेल्या नसेवर असा जोर आणि वर शेक दिला असता तर उरलीसुरलीही गेली असती. चुकीचा पाय धरला म्हणून वाचलो. बाबा खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे डावा धरला ते बरंच झालं म्हणायचं." जेवून झोपले.

२४ फेब्रु.

शर्लीला सांगणं भागच होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर. मी बोलले, त्यांनी "आय ॲम एक्स्ट्रीमली सॉरी, मॅडम" म्हटलं. खात्यातल्या साहेबासमोर उभे असल्यासारखे.

शर्ली म्हणते, मी उजव्यावर पाणी मारत होते. रबरी नळी लावून. रोज सकाळ-संध्याकाळ, आज्जीबात चुकवलं नाही. उभा राहताना तो पाय पुढे टाकायचा, म्हणून. म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? "डिडन्ट थिंक इट मॅटर्ड."

म्हणजे एकाने चांगला पाय तापवला, दुसरीने दुखरा गार केला आणि मी मध्ये बसून गरम-गार बघून निदान करतेय. दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागले. मला हसू आलं नाही.

उजव्याचा स्कॅन. नडगीच्या मागे, मधोमध, वरच्या नसेत काळं भोक. भुईमुगाच्या दाण्याएवढं. पडद्यावर इतकं स्पष्ट की शर्लीनेही बोट ठेवलं. सांगितलं की महिने लागतील. शर्यतीचा घोडा असता तर संपला होता, साध्या फेरफटक्यापुरता कदाचित भरून येईल. कदाचित. "ही'ज नॉट रेसिंग, लव्ह. नायदर ॲम आय." पण हात बिस्किटच्या मानेवरून काढला नाही तिने.

उपचार: कोंडून ठेवणं, गार पाणी (हे तिचं बरोबर होतं, मान्य), बँडेज, खाण्यात वेदनेची पावडर. सूज उतरली की दोरीने धरून चालवणं. आधी थोडंसं, मग वाढवत. सरळ, कडक रस्त्यावर, रोज, न चुकता. शर्लीचं खुब्याचं हाड तिला एवढं चालू देणार नाही. मी दिवसभर बाहेर. इथंच घोडं पेंड खात होतं. आम्ही दोघी बोलत असताना बाबा तबेल्याचं छप्पर बघत होते. मग कोणी न विचारता, "सकाळी मी तसाही फिरायला जातोच."

२८ मार्च

चालणं सुरू. कळलं ते असं की बाबांना घोड्याचे फक्त पाय माहीत आहेत. तोंडाकडच्या बाजूला घाबरतात. दोरी अशी लांब धरतात की घोडा एका गावात आणि बाबा दुसऱ्या. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, घालून निघाले होते. गमबूट चढवले, कुरकुरले. बिस्किटने बुटावर खूर ठेवल्यावर कुरकुर थांबली.

२ एप्रिल

फेऱ्यांची शिस्त छान चालली आहे असं वाटत होतं. आज लवकर घरी आले तर दोघं शेजाऱ्याच्या फेजोआच्या, फळांनी लगडलेल्या कुंपणाशी. एकाचं तोंड भरलेलं, एकाचे खिसे. मला बघून दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

१६ एप्रिल

पुण्याहून आईचा फोन. ती दादाकडे, नातवाच्या तैनातीत. "तुझे वडील घोडा फिरवतात? मुलांना कधी बागेत नेलं नाही त्यांनी." बाबांना निरोप दिला. म्हणाले, "मुलं लंगडत नव्हती."

९ मे

दुसरा स्कॅन. भोक करडं झालंय, कडेने धागे यायला लागलेत. ग्रॅहॅमने पडदा पाहिला, "ब्लडी गुड." मग विचारलं, चालवतं कोण? बाबांकडे बोट केलं. त्याने हात मिळवला. बाबांची उंची वाढली जरा.

घरी येताना गाडीत म्हणाले, "वस्ताद सांगायचे, नस संयमाने भरते."
"मग तेल कशाला लावायचे वस्ताद?"
"संयम धरायचा तर हाताला काही काम नको का?"
हे मी ग्रॅहॅमला सांगणार आहे.

१२ जून

वाईट दिवस. सकाळी दव गोठलेलं. कोणाच्या तरी ट्रॅक्टरचा आवाज झाला, बिस्किट उधळला, बाबांच्या हातून दोरी सुटली. कुरणभर चौखूर धावला, दोन लाथा हवेत. शर्लीने बादली वाजवून धरला. मी पोचले तेव्हा बाबा कुंपणाला धरून उभे होते, तळहात सोललेला. "गेला का गं पाय?" एवढंच. हात दाखवेनात.

पाय थोडा सुजलाय. जेवले नाहीत. मलाही गेलं नाही. आज पहिल्यांदा वाटलं, हे घर सोडायचं झालं तर मला शर्लीची आठवण आईइतकीच येईल. तिला हे सांगणार नाही, ती विषय बदलेल.

१५ जून

सूज उतरली. पुन्हा स्कॅन, नवं काही नाही. बाबा म्हणाले, "मी चालवत नाही आता. दुसरा माणूस बघा." शर्लीने दोरी आणून त्यांच्या हातात ठेवली, ज्या हाताला बँडेज नव्हतं त्यात, आणि चहा टाकायला निघून गेली. मग बाबा आणि बिस्किट फाटकाबाहेर पडलेले दिसले. आज दोरी आखूड होती.

२१ जुलै

क्रेग आला. भला माणूस आहे, पंचाईत तीच. आईची काळजी खरी आहे. पण आल्या आल्या कुंपणं बघत फिरला, घराचे फोटो काढले. बाबांनी त्याला व्हरांड्यात बसवून शेव दिली आणि म्हणाले, "युवर मदर इज व्हेरी बिझी टिल ऑगस्ट." क्रेग माझ्याकडे बघून म्हणाला, मग ऑगस्टमध्ये तू सांग, तिला घोड्यावर बसता येईल का. हो किंवा नाही, काय ते.

१ ऑगस्ट

उद्या बिस्किटला पळवून बघायचं. क्रेग येणार, ग्रॅहॅम येणार. रविवारी बाबांचं विमान. बॅग भरून, काट्यावर ठेवून, दोनदा उघडून झाली. शर्लीने खोगीर पुसून व्हरांड्यात ठेवलंय. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

२ ऑगस्ट

ग्रॅहॅम म्हणाला, दोरी मी धरतो. केस तुझी, तू बघ.

सरळ रेषेत स्वच्छ. जाताना, येताना. शर्लीने बाबांचा दंड धरला. मग वर्तुळात, डावीकडे, ठीक. उजवीकडे. एकदा मान उचलली. एकदाच, किंचित. मग नाही. पुन्हा फिरवायला लावला, नाही. परत लावला, वाटलं आहे, वाटलं नाही. दुखतंय म्हणून, की माशी बसली म्हणून, की माझेच डोळे.

ग्रॅहॅम धापा टाकत होता, त्याने काही पाहिलेलं नाही. थांबले सगळे. क्रेगचे हात खिशात. बरा आहे म्हटलं तर शर्ली दुपारीच खोगीर चढवणार. नाही म्हटलं तर तो संध्याकाळी घर विकायला दलालाला फोन लावणार. कोणाच्या बाजूने खोटं बोलावंसं वाटत होतं ते मला पक्कं माहीत होतं.

म्हटलं, मला माहीत नाही. अजून दीड महिना फक्त चालवायचा. बसायचं नाही. मग पुन्हा बघेन आणि तेव्हा सांगेन.

क्रेग म्हणाला, "सो दॅट्स अ नो?"
शर्ली म्हणाली, "शी डिडन्ट से नो."
"शी डिडन्ट से येस, मम."
"नो," शर्ली म्हणाली, "शी डिडन्ट."

ग्रॅहॅमने विचारलं की दीड महिना चालवणार कोण. कोणीच बाबांकडे पाहिलं नाही, इतकं की ते दिसत होतं. बाबांनी ग्रॅहॅमच्या हातून दोरी घेतली, बिस्किटच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, आय विल हॅव टू सी अबाउट माय टिकेट." शर्लीने मान फिरवली आणि नाक पुसलं. थंडी फार आहे म्हणाली.

व्हिसा अजून आहे, ते ठीक. आईला कोण सांगणार, हा प्रश्न आहे. आत्ता तासभर विमान कंपनीच्या फोनवर लटकल्यावर एक बाई मिळाली. परतीची नवी तारीख काय टाकू? म्हटलं, अजून सांगता येत नाही. तारखेशिवाय तिकीट बदलत नाही म्हणते. तिला म्हटलं, थांबा जरा, विचारते. बाहेर पाहिलं तर अंगणात ना बाबा, ना बिस्किट. फाटक उघडं.